इंधनाच्या वाढत्या किमती आणि अवजड उद्योगांचे ऊर्जा-समायोजन : जळगाव-धुळे परिसराच्या विशेष संदर्भात

सारांश : इंधनाच्या किमती वाढल्यावर अवजड उद्योग आपल्या ऊर्जावापरात कोणकोणत्या मार्गांनी बदल करतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. दीपनगर येथील औष्णिक विद्युत केंद्र, नशिराबाद येथील सिमेंट उद्योग, खान्देशातील सहकारी साखर कारखाने आणि जळगावचे प्रक्रिया व प्लास्टिक उद्योग यांचा दाखला घेऊन असे मांडले आहे की, समायोजन हे पायऱ्यापायऱ्यांनी होते. वरच्या प्रत्येक पायरीस अधिक भांडवल व अधिक काळ लागतो. त्यामुळे एकाच दरवाढीचा परिणाम मोठ्या व लहान उद्योगांवर सारखा होत नाही.

बीजशब्द : इंधन, ऊर्जा-कार्यक्षमता, सहवीजनिर्मिती, फ्लाय अ‍ॅश, खान्देश, किंमत-लवचिकता.

प्रस्तावना

जळगावहून भुसावळमार्गे मुक्ताईनगरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर प्रवास करणाऱ्यास खान्देशच्या औद्योगिक जीवनाचे दोन महत्त्वाचे आधार दिसतात. नशिराबादजवळ सिमेंटचा कारखाना लागतो आणि भुसावळ ओलांडल्यावर दीपनगरच्या उंच चिमण्या नजरेस पडतात. केळी, कापूस व डाळींसाठी प्रसिद्ध असलेल्या या प्रदेशाची औद्योगिक परंपरा जुनी आहे. रेल्वेमार्ग आल्यानंतर १८७० च्या दशकात जळगावात कापडगिरणी उभी राहिली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमळनेर येथे प्रताप मिल सुरू झाली. या गिरण्यांची यंत्रे वाफेवर चालत. म्हणजे इंधनाचा भाव आणि खान्देशातील कामगाराची भाकरी यांचा संबंध दीड शतकाएवढा जुना आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हा संबंध अधिक तीव्र झाला. १९७३ च्या तेलसंकटात कच्च्या तेलाची किंमत पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून काही महिन्यांत सुमारे १२ डॉलरपर्यंत गेली. जुलै २००८ मध्ये ती १४७ डॉलरला पोहोचली. २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्धानंतर तेलाने १२० डॉलरची मर्यादा ओलांडली, तर आंतरराष्ट्रीय बाजारात दगडी कोळसा टनामागे ४०० डॉलरच्या पुढे गेला. आपला देश गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. त्यामुळे दूरच्या युद्धाची झळ खान्देशातील कारखान्याच्या बॉयलरपर्यंत येऊन पोहोचते. अशा वेळी उद्योग नेमके काय करतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१. किंमतवाढ उद्योगापर्यंत कशी पोहोचते?

इंधनाची दरवाढ कारखान्यात तीन वाटांनी प्रवेश करते. पहिली वाट प्रत्यक्ष इंधनाची होय. बॉयलर वा भट्टीत जाळला जाणारा कोळसा, फर्नेस ऑइल किंवा डिझेल महाग होते. दुसरी वाट विजेची आहे. महावितरणच्या वीज देयकात ‘इंधन समायोजन आकार’ या नावाची एक नोंद असते. वीजनिर्मितीसाठी लागलेल्या इंधनाचा व वीजखरेदीचा खर्च अंदाजापेक्षा वाढला, तर ती वाढ महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या नियमांनुसार या आकाराच्या रूपाने ग्राहकाकडून वसूल केली जाते. तिसरी वाट कच्च्या मालाची व वाहतुकीची. पीव्हीसी राळ, पॉलिथिलीन यांसारख्या पदार्थांचे भाव खनिज तेलाच्या भावाबरोबर हलतात. पीव्हीसी पाइप व ठिबक सिंचनाच्या नळ्या ही जळगावची ओळख असल्यामुळे येथे ही तिसरी वाट विशेष महत्त्वाची ठरते.

किमतीवर शासनाच्या करधोरणाचाही परिणाम होतो. कोळशावर २०१० मध्ये टनामागे ५० रुपये उपकर लावण्यात आला. तो वाढत वाढत २०१६ मध्ये ४०० रुपये झाला. वस्तू व सेवा कराच्या अंमलबजावणीनंतर तो भरपाई उपकराच्या रूपाने चालू राहिला. २०२५ मध्ये हा उपकर रद्द होऊन कोळशावरील वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आला. याचा अर्थ असा की, बाजारभाव स्थिर असतानाही उद्योगास मोजावी लागणारी किंमत बदलू शकते.

२. समायोजनाच्या पायऱ्या

अर्थशास्त्रात मागणीची किंमत-लवचिकता ही संकल्पना सुपरिचित आहे. अल्पकाळात इंधनाची मागणी अलवचिक असते. ज्या कारखान्यात कोळशाचा बॉयलर बसविला आहे, तेथे भाव वाढला म्हणून दुसऱ्या दिवशी तो बॉयलर बदलता येत नाही. मात्र दीर्घकाळात यंत्रसामग्री बदलते, प्रक्रिया बदलते, कच्चा माल बदलतो आणि प्रसंगी कारखान्याचे स्थानही बदलते.

या बदलांची विभागणी स्थूलमानाने चार पायऱ्यांत करता येईल :

(१) असलेल्या यंत्रांतील गळती व नासाडी थांबविणे;
(२) जुनी यंत्रे काढून अधिक कार्यक्षम यंत्रे बसविणे;
(३) उत्पादनाची रचना बदलून, किंवा उपपदार्थांचा उपयोग करून, इंधनाची गरजच कमी करणे;
(४) इंधनाचा स्रोत बदलणे.

पहिल्या पायरीस हजारो वा काही लाख रुपये पुरतात. वरच्या पायऱ्यांवर हा आकडा कोटींत जातो. हा क्रम सर्व उद्योगांत काटेकोरपणे पाळला जातो असे नाही. तथापि खर्च आणि कालावधी यांच्या दृष्टीने तो उपयुक्त आहे.

३. पहिली पायरी : गळती थांबविणे

कोणत्याही मोठ्या कारखान्यातील वाफेच्या नळ्या, पंप, पंखे व हवेचे कॉम्प्रेसर यांत ऊर्जेची मोठी नासाडी होत असते. ऊर्जा-लेखापरीक्षणात पुढील ठोकताळे सर्वमान्य आहेत. बॉयलरच्या धुराचे तापमान सुमारे २२ अंश सेल्सिअसने कमी केले, तर इंधनात सुमारे १ टक्का बचत होते. वापरून झालेल्या वाफेचे गरम पाणी परत बॉयलरमध्ये आणून पुरवठ्याच्या पाण्याचे तापमान ६ अंशांनी वाढविले, तरीही सुमारे १ टक्का इंधन वाचते.

पंख्यांच्या व पंपांच्या बाबतीत बचत याहून मोठी असते. पंख्याला लागणारी शक्ती त्याच्या गतीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. गती २० टक्क्यांनी कमी केल्यास शक्तीची गरज ०.८ चा घन, म्हणजे ०.५१ इतकी, जवळजवळ निम्मी होते. जुन्या पद्धतीत पंखा पूर्ण वेगाने फिरवून झडपेने हवा अडविली जात असे. व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह या उपकरणाने मोटारीची गतीच गरजेप्रमाणे ठेवता येते. खान्देशातील सूतगिरण्यांत हवेतील आर्द्रता राखण्यासाठी मोठे पंखे अहोरात्र चालतात. अशा ठिकाणी या उपकरणाचे महत्त्व सहज ध्यानात येते.

या क्षेत्रात कायद्याचाही आधार आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये संमत झाला आणि १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची स्थापना झाली. २०१२ पासून ‘पॅट’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी योजना सुरू झाली. तीत औष्णिक वीज, सिमेंट, पोलाद, कापड, कागद इत्यादी ८ क्षेत्रांतील ४७८ मोठ्या ऊर्जाग्राहकांना बचतीची उद्दिष्टे ठरवून देण्यात आली. उद्दिष्टापेक्षा जास्त बचत करणाऱ्यास प्रमाणपत्रे मिळत व कमी पडणाऱ्यास ती विकत घ्यावी लागत. २०१२-१५ या पहिल्या चक्रात ६.६८ दशलक्ष टन तेलतुल्य उद्दिष्टाऐवजी ८.६७ दशलक्ष टन बचत साध्य झाली. मोठ्या उद्योगांत बचतीस किती वाव होता, हेच यावरून दिसते.

४. दुसरी पायरी : दीपनगरचे संच

भुसावळजवळील दीपनगर औष्णिक विद्युत केंद्र हा दुसऱ्या पायरीचा उत्तम दाखला आहे. या केंद्राचा पहिला छोटा संच १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला. त्यानंतर १९७९ व १९८२ मध्ये प्रत्येकी २१० मेगावॅटचे दोन संच आले. २०१० नंतरच्या दशकात प्रत्येकी ५०० मेगावॅटचे दोन संच कार्यान्वित झाले. पुढील टप्पा ६६० मेगावॅटच्या सुपरक्रिटिकल संचाचा असून त्याचे काम २०१८ मध्ये भारत हेवी इलेक्ट्रिकल्सकडे सोपविण्यात आले.

संचांचा आकार वाढण्यामागे केवळ विजेची वाढती मागणी नाही. वाफेचा दाब व तापमान जितके अधिक, तितकी त्याच उष्णतेतून अधिक वीज मिळते. सुपरक्रिटिकल संचात पाण्याचा दाब इतका वाढविला जातो की, पाणी व वाफ यांतील भेदच उरत नाही आणि संचाची कार्यक्षमता वाढते. एक युनिट विजेत ८६० किलोकॅलरी ऊर्जा असते. उदाहरणादाखल, जुन्या संचास एक युनिट विजेसाठी २,६०० किलोकॅलरी व सुपरक्रिटिकल संचास २,२५० किलोकॅलरी उष्णता लागते असे मानू. पहिल्याची कार्यक्षमता सुमारे ३३ टक्के व दुसऱ्याची सुमारे ३८ टक्के येते. कोळशाचा उष्मांक किलोमागे ३,५०० किलोकॅलरी धरल्यास एक युनिटमागे कोळशाची गरज ०.७४ किलोवरून ०.६४ किलोवर येते. ही १०० ग्रॅमची बचत दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु ६६० मेगावॅटचा संच पूर्ण क्षमतेने एक दिवस चालला, तर तो १ कोटी ५८ लाख युनिट वीज निर्माण करतो. तेव्हा ही बचत दिवसाला सुमारे १,५८० टन होते.

दीपनगरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. हे केंद्र कोळशाच्या खाणींपासून दूर आहे. कोळसा रेल्वेने आणावा लागतो आणि त्या वाहतुकीचा खर्च कोळशाच्या किमतीत मिळतो. राज्यातील वीज केंद्रांना ‘मेरिट ऑर्डर’ पद्धतीने वीज देण्यास सांगितले जाते. म्हणजे ज्याचा इंधनखर्च कमी, त्याचा संच प्रथम चालतो. कोळसा महागला की, जास्त कोळसा खाणारे जुने संच या क्रमवारीत मागे पडतात व अनेकदा थांबवून ठेवावे लागतात. अशा प्रकारे संचाची कार्यक्षमता हा तेथील रोजगाराच्या दृष्टीनेही जिव्हाळ्याचा प्रश्न बनतो.

५. तिसरी पायरी : एकाची राख, दुसऱ्याचा कच्चा माल

भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः ३० ते ४५ टक्के असते. दीपनगरसारख्या केंद्रात राखेचे डोंगर साचणे ही फार वर्षे समस्याच होती. १४ सप्टेंबर १९९९ रोजी केंद्र शासनाने अधिसूचना काढून परिसरातील बांधकाम साहित्यात फ्लाय अ‍ॅश वापरण्याचे बंधन घातले. पुढे वेळोवेळी ते अधिक व्यापक करण्यात आले. ज्या राखेची विल्हेवाट कशी लावावी हा प्रश्न होता, तिला सिमेंट उद्योगात स्थान मिळाले. या राखेचा व इंधनबचतीचा संबंध समजून घेण्यासाठी सिमेंटची घडण पाहावी लागेल.

चुनखडी भट्टीत सुमारे १,४५० अंश सेल्सिअसला भाजून क्लिंकर तयार होतो. सिमेंट उद्योगातील बहुतेक इंधन येथेच खर्च होते. एक किलो क्लिंकरसाठी साधारण ७२५ किलोकॅलरी उष्णता लागते. क्लिंकरमध्ये जिप्सम मिसळून दळले की, साधे पोर्टलँड सिमेंट होते. परंतु क्लिंकरच्या काही भागाऐवजी फ्लाय अ‍ॅश मिसळली, तर पोझोलाना सिमेंट तयार होते. भारतीय मानकानुसार त्यात १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश चालते. ही राख औष्णिक केंद्रात भाजूनच आलेली असल्याने तिच्यासाठी पुन्हा भट्टी पेटवावी लागत नाही. एक टन सिमेंटमध्ये ३० टक्के क्लिंकरची जागा राखेने घेतली, तर सुमारे २ लाख १७ हजार किलोकॅलरी उष्णता वाचते. ४,००० किलोकॅलरी उष्मांकाचा कोळसा धरल्यास ही बचत टनामागे सुमारे ५४ किलो कोळशाची होते.

नशिराबादचे सिमेंट केंद्र या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. ओरिएंट सिमेंटचे हे केंद्र १९९७ मध्ये सुरू झाले. २०२५ मध्ये ही कंपनी अंबुजा सिमेंट्सच्या ताब्यात गेली. नशिराबाद येथे चुनखडीची भट्टी नाही. क्लिंकर आजच्या तेलंगणातील देवापूर येथील कारखान्यात तयार होतो व येथे आणून दळला जातो. क्लिंकर चुनखडीच्या खाणीजवळ, तर दळण राखेच्या व ग्राहकाच्या जवळ, अशी ही विभागणी आहे. एक टन क्लिंकरसाठी सुमारे दीड टन चुनखडी लागते; म्हणून चुनखडीऐवजी क्लिंकर वाहून नेणे किफायतशीर ठरते. राख हा वजनाच्या मानाने स्वस्त माल असल्याने ती फार दूर नेणे परवडत नाही. औष्णिक केंद्र व सिमेंट केंद्र एकाच परिसरात असण्याचा लाभ असा दुहेरी आहे. भट्टीतील कोळसा वाचतो आणि वाहतुकीतील डिझेलही वाचते. उद्योगाचे स्थान हेही इंधनबचतीचे साधन असते, हे यावरून स्पष्ट होते.

६. साखर कारखाने : हातात असलेले इंधन

आपले इंधन आपल्याच कच्च्या मालातून मिळविणारा उद्योग म्हणजे साखर उद्योग. उसाच्या वजनाच्या सुमारे २८ ते ३० टक्के बगॅस निघतो व तोच बॉयलरमध्ये जाळला जातो. त्यामुळे साखर कारखान्यास इंधन दरवाढीची भीती नाही, असे वरवर वाटते. परंतु महागाईच्या काळात हाच बगॅस विकाऊ वीज देणारी संपत्ती बनतो. प्रश्न तो किती काटकसरीने वापरला जातो, हा आहे.

समजा, एखादा कारखाना दिवसाला २,५०० टन ऊस गाळतो. त्यास सुमारे ७०० टन बगॅस मिळेल. एक किलो बगॅसपासून सुमारे २.२ किलो वाफ मिळते असे धरू. कारखान्यास उसाच्या वजनाच्या ५० टक्के वाफ लागत असेल, तर दररोज १,२५० टन वाफेसाठी सुमारे ५६८ टन बगॅस खर्च होऊन १३२ टन उरेल. उष्णतेचा पुनर्वापर करून हीच गरज ४० टक्क्यांवर आणली, तर ४५५ टन बगॅस पुरेल व २४५ टन उरेल. वाफेच्या गरजेत १० टक्के-बिंदूंची घट झाली की, शिल्लक बगॅस पावणेदोन पटींहून अधिक होतो. त्याच्या जोडीला २१ किलो दाबाच्या जुन्या बॉयलरऐवजी ६७, ८७ वा ११० किलो दाबाचे बॉयलर बसविले, तर त्याच बगॅसपासून कितीतरी अधिक वीज निर्माण होऊन महावितरणला विकता येते. यासच सहवीजनिर्मिती म्हणतात. २००८ च्या धोरणात महाराष्ट्र शासनाने तीस विशेष प्रोत्साहन दिले आणि पश्चिम महाराष्ट्र व मराठवाड्यातील अनेक कारखान्यांनी ती संधी साधली.

खान्देशचा अनुभव मात्र निराळा आहे. फैजपूरचा मधुकर, चोपड्याचा, चाळीसगाव तालुक्यातील बेलगंगा, साक्री तालुक्यातील पांझराकान, शिरपूरचा शेतकरी सहकारी अशी सहकारी कारखान्यांची मालिका येथे उभी राहिली होती. उसाची टंचाई, केळी व कापूस या पिकांशी असलेली स्पर्धा आणि कर्जाचा बोजा यांमुळे यांपैकी अनेक कारखाने दीर्घकाळ बंद राहिले. उच्च दाबाच्या बॉयलरसाठी मोठे कर्ज लागते आणि ते फेडण्यासाठी वर्षानुवर्षे पूर्ण गाळप हंगाम मिळावा लागतो. ज्या कारखान्याचा हंगामच अपुरा, त्याला बँक कर्ज देत नाही. आणि जो वीज विकू शकत नाही, त्याला तोट्यातून बाहेर येण्याचा एक मार्ग बंद होतो. हातात इंधन असूनही त्याचा लाभ घेता न येणे, ही खान्देशातील साखर उद्योगाची शोकांतिका होय. तिची किंमत ऊस उत्पादक सभासद व कामगार यांनी मोजली आहे.

७. चौथी पायरी : इंधनाचा स्रोत बदलणे

जळगावातील जैन इरिगेशनचा प्रक्रिया उद्योग या पायरीचे उदाहरण म्हणून सांगता येईल. फळे व भाजीपाला यांच्या प्रक्रियेतून साली, कोयी, चोथा असे अवशेष मोठ्या प्रमाणावर उरतात. त्यांपासून बायोगॅस तयार करून दीड मेगावॅटहून अधिक क्षमतेचा वीजनिर्मिती प्रकल्प जैन व्हॅली येथे उभारण्यात आला. येथेही तत्त्व तेच आहे. टाकाऊ पदार्थच ऊर्जा पुरवितो.

धुळे जिल्ह्यात वारा व सूर्यप्रकाश यांनी ही भूमिका घेतली. साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल परिसरात शेकडो पवनचक्क्या उभ्या आहेत. पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा मिळण्याची आयकर सवलत हे त्यामागील मोठे कारण होते. २०१७ पासून हा दर ४० टक्के झाला. साक्री तालुक्यातच शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. वाऱ्याला व उन्हाला इंधनखर्च नाही. खर्च आहे तो आरंभीच्या भांडवलाचा. म्हणून दीर्घ मुदतीचे स्वस्त कर्ज ज्याला मिळते, त्यालाच ही पायरी खुली होते.

शेतीतील अवशेष हा आणखी एक पर्याय आहे. खान्देश हा कापसाचा प्रदेश असल्याने येथे पऱ्हाटी विपुल मिळते. वाळलेल्या पऱ्हाटीचा उष्मांक किलोमागे ३,५०० ते ४,००० किलोकॅलरी, म्हणजे सामान्य भारतीय कोळशाच्या तोडीचा असतो. तिच्यापासून कांडी कोळसा करून बॉयलरमध्ये वापरता येतो. २०२१ च्या केंद्रीय धोरणानुसार औष्णिक केंद्रांनाही कोळशात काही प्रमाणात अशा जैवइंधनाच्या गोळ्या मिसळणे बंधनकारक झाले. यातून शेतकऱ्यास चार पैसे मिळतात, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. मात्र पऱ्हाटी हे ग्रामीण गरीब कुटुंबाच्या चुलीचे इंधन आहे, याचे विस्मरण होऊ नये. गॅस सिलिंडर परवडत नाही तेव्हा शेतमजूर स्त्री शेतातून पऱ्हाटीचा भारा आणते. कारखान्याने पऱ्हाटीला भाव दिला की, तो भारा फुकट मिळेनासा होतो. उद्योगाचे इंधन-समायोजन अशा रीतीने दुसऱ्याच्या चुलीवर भार टाकू शकते.

८. लघुउद्योग आणि कामगार

आतापर्यंतचे दाखले मुख्यतः मोठ्या उद्योगांचे आहेत. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील डाळ मिल, चटई व पाइप तयार करणारे छोटे कारखाने यांची स्थिती वेगळी आहे. मोठ्या कारखान्यांप्रमाणे त्यांच्याकडे ऊर्जा व्यवस्थापक नसतो व ‘पॅट’ योजनेच्या कक्षेत ते येत नाहीत. तरीही त्यांनी आपल्या परीने मार्ग काढले आहेत. चटई उद्योगात पुनर्वापरित प्लास्टिकचा उपयोग होतो. नव्या राळेपेक्षा त्यात ऊर्जा कमी खर्ची पडते व तेलाच्या भावाची झळही कमी बसते.

लघुउद्योजकास उपलब्ध असलेला सर्वांत सोपा उपाय म्हणजे कामाची वेळ बदलणे. औद्योगिक वीजदरात दिवसाच्या वेळेनुसार फरक असतो. अनेक वर्षे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत वीजदरात सवलत होती. सकाळी ९ ते १२ व सायंकाळी ६ ते १० या वेळांत अधिभार होता. साहजिकच विजेवर अधिक खर्च होणारी कामे रात्रपाळीत करण्याकडे कल असे. सौरऊर्जेचा वाटा वाढल्यानंतर २०२५ मध्ये आयोगाने सवलतीचा रोख दिवसाच्या सौर तासांकडे वळविण्याचे धोरण स्वीकारले. म्हणजे ज्याने रात्रपाळीसाठी मनुष्यबळाची जुळवाजुळव केली होती, त्याला ती पुन्हा मोडावी लागते. कामगाराच्या दृष्टीने दिवसपाळी आरोग्यास हितकर आहे. परंतु पाळी बदलणे हे यंत्राचे बटण दाबण्याइतके सोपे नसते. त्याच्याशी कामगाराची झोप, रात्रपाळीचा भत्ता व घरातील वेळापत्रक ही सर्व निगडित असतात.

यापुढील पायऱ्या चढण्याची ऐपत नसलेला लघुउद्योग अखेर उत्पादन कमी करतो, एक पाळी बंद करतो किंवा कायमचे कुलूप लावतो. आकडेवारीत यालाही ‘ऊर्जावापरात घट’ असेच म्हटले जाते. बचतीमुळे झालेली घट आणि बंद पडल्यामुळे झालेली घट यांत फरक करणे संशोधकाचे कर्तव्य आहे.

९. काही मर्यादा

ऊर्जा-कार्यक्षमता वाढली म्हणजे एकूण इंधनवापर कमी होतोच, असे नाही. इंग्रज अर्थतज्ज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स याने १८६५ मध्येच दाखवून दिले होते की, वाफेची यंत्रे सुधारल्याने इंग्लंडमध्ये कोळशाचा वापर घटण्याऐवजी वाढला. कारण काम स्वस्त झाल्याने अधिक काम होऊ लागले. दीपनगरच्या संचांचा इतिहास हेच सांगतो. प्रत्येक नवा संच युनिटमागे कमी कोळसा घेतो. पण केंद्राची क्षमता वाढत गेल्याने कोळशाची एकूण गरज मोठीच राहते.

दुसरी मर्यादा परस्परावलंबनाची आहे. सिमेंट उद्योग राखेवर अवलंबून आहे व राख कोळशावर. उद्या कोळशावरील वीजनिर्मिती कमी झाली, तर राखेचा पुरवठाही घटेल. भाव उतरल्यावर बचतीचा उत्साह मावळतो, ही तिसरी मर्यादा. उंच भावाच्या काळात आखलेले प्रकल्प भाव पडताच कपाटात जातात आणि पुढील दरवाढीत उद्योग पुन्हा पहिल्याच पायरीवर उभा असतो.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

(१) अवजड उद्योगाचे ऊर्जा-समायोजन ही एका निर्णयाने घडणारी गोष्ट नसून पायऱ्यापायऱ्यांनी होणारी प्रक्रिया आहे. दरवाढ उद्योगाला या दिशेने ढकलते. तो किती वर चढेल हे भांडवल, कालावधी व कच्च्या मालाची शाश्वती यांवर ठरते.

(२) दीपनगरची राख, उसाचा बगॅस, फळांचे अवशेष व पऱ्हाटी या दाखल्यांवरून खान्देशातील बचतीची सर्वांत मोठी संधी ‘टाकाऊ’ मानलेल्या पदार्थांत आहे असे दिसते. शेजारच्या उद्योगांनी परस्परांच्या गरजा ओळखल्यास ही संधी अधिक वाढेल.

(३) त्याच इंधन दरवाढीने सक्षम उद्योग अधिक कार्यक्षम होतो व दुर्बल उद्योग बंद पडतो. म्हणून लघुउद्योगांसाठी सामूहिक ऊर्जा-लेखापरीक्षण, अल्पव्याजी कर्ज व वीजदरात पुरेशी पूर्वसूचना देऊन बदल यांची निकड आहे. परिसरातील अभियांत्रिकी व विज्ञान महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्यातून हे लेखापरीक्षण हाती घेतल्यास त्याचा खर्च लघुउद्योजकाच्या आवाक्यात येईल.

(४) शेती अवशेषांचा औद्योगिक वापर वाढविताना ग्रामीण कुटुंबांच्या इंधन-गरजेचा विचार त्याच नियोजनात व्हावा.

पहिल्या पायरीस फारसे भांडवल लागत नाही. लागते ती मोजमापाची सवय. आपल्या कारखान्यात एक टन मालामागे किती युनिट वीज व किती किलो इंधन खर्च होते, हा आकडा ज्या उद्योजकाजवळ लिहिलेला आहे, त्याने पुढील दरवाढीस तोंड देण्याची तयारी सुरू केली आहे, असे म्हणता येईल.